इल्देच्या गाडीची मूठ काढू नये

मी, ओरेस्ते मालागोली, वय अठ्ठ्याऐंशी, राहणार मोदेना, धंदा पत्राकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि थोडा चिडून लिहीत आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा ज्युलियानो यास. कायद्याने मुलाला डावलता येत नाही, आणि मला डावलायचंही नाही. पोरगा वाईट नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबात जाऊन बिघडला आहे.

२. माळ्यावरची व्हिनेगरची पाच पिंपं नात लिविया हिला. ती माझ्या आजीने भरली. दरवर्षी धाकट्या पिंपातून काढायचं, थोरल्यात नवा द्राक्षरस ओतायचा. आजीचा थेंब त्यात उरला असेल-नसेल, पण त्याला नकली म्हणायची आमच्या गल्लीत कुणाची छाती नाही.

३. लाल दोन-सीटर गाडीही लिवियाला. तिचा पत्रा १९५८ साली कारखान्यात मीच ठोकला. पुढे ती शर्यतीत चेंबली, मालकाने भंगारात काढली, मी घरी आणली. एकाहत्तर साली माझी बायको इल्दे हिचा डावा पाय निकामी झाला. "आता मला सामानासारखं शेजारी ठेव," म्हणाली. त्याच आठवड्यात मी क्लचचं पेडल कापलं आणि गिअरच्या दांड्यावर हाताने दाबायची मूठ बसवली. ती जाईपर्यंत, तीस वर्षं, गाडी तिनेच चालवली. शेजारी सामानासारखा मी बसलो.

४. गेल्या वर्षी प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेला परीक्षक म्हणाला, "आजोबा, ही मूठ मूळची नाही. गुण कापावे लागतील."

"बाळा, मूळच्या गाडीचा पत्रा मीच ठोकलाय. तेव्हा माझ्या बायकोचे दोन्ही पाय चालत होते."

ज्युलियानो माझी बाही ओढत म्हणाला, "बाबा, पुरे आता! मूठ काढली की पहिलं बक्षीस आपलंच."

बक्षीस गेलं खड्ड्यात. सबब, मूठ काढू नये. गाडी काचेमागे ठेवू नये, पावसातही न्यावी. मूठ जड वाटली तर लिवियाने ती आपल्या हाताला बेतेल तशी करून घ्यावी. माझ्या फोटोला विचारत बसू नये.

५. हत्यारांच्या खणात फडक्यात गुंडाळलेलं क्लचचं पेडल आहे, ते ज्युलियानोला. त्रेपन्न वर्षं जपलंय, शंभर टक्के मूळ आहे. खुशाल भिंतीवर टांगावं.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. तरी घेतले, नाहीतर क्लबवाले म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता.

साक्षीदार:
एनेआ बोनाच्चिनी, शेजारी
दिर्चे वेरोनी, शिक्षिका. ही लहान असताना इल्दे तिला याच गाडीतून शाळेत सोडत असे

सही: ओरेस्ते मालागोली
मोदेना, ९ नोव्हेंबर २०२४