नोन रिस्पोन्दे

गोंदिया, ६ जुलै २०२५

ती. बाबांना दीप्तीचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई निरोप अर्धाच सांगते, म्हणून पत्र लिहिते. नोकरी लागली. इथंच बसून इटलीतल्या लोकांचे बिघडलेले कम्प्युटर फोनवरून ठीक करायचे. त्यांच्या भाषेतली वाक्यं पाठ करून राहिले आहे. ‘स्केर्मो नेरो’ म्हणजे स्क्रीन काळी झाली. ‘सि ए ब्लोक्कातो’ म्हणजे अडकून पडला. ‘नोन रिस्पोन्दे’ म्हणजे उत्तरच देत नाही. बाजूला बसणारा अश्विन, त्याला ती भाषा चांगली येते, म्हणतो, हे तुझ्या घरच्यांना लागू पडतं. तेव्हा उत्तर पाठवा. आईला जयभीम.

तुमची माया असू द्या.
दीप्ती

गोठणगाव, १४ जुलै

चि. दीप्तीले बाबाचा जयभीम.

तुयं पत्र आईले वाचून दाखवलं, ते हासूनच राहिली. शेजारचा बिसराम विचारते, इटलीत मेकॅनिक भेटत नाही काय? मी म्हटलं, माही पोरगी हाय ना. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, धानाचं रोवणं चालू हाय. डोळे जपजो.

लोभ ठेव.
तुया बाप, खेमराज

गोंदिया, ९ ऑगस्ट

ती. बाबांना जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र मिळालं.

सोमवारी दुपारी एका म्हाताऱ्या बाईचा फोन आला. ‘सि ए ब्लोक्कातो, नोन रिस्पोन्दे’, एवढंच घोकत होती. मी पाठ केलेलं सांगितलं: बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. ती रडायलाच लागली, ‘मारितो, मारितो’ म्हणू लागली. हा शब्द आम्हाला शिकवलाच नव्हता. अश्विननं माझा हेडफोन आपल्या कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “दीप्ती, कम्प्युटर नाही. तिचा नवरा उत्तर देत नाही आहे.”

बाबा, आमच्याकडे फोन लावून तो वाट पाहत बसला होता, बसल्या जागीच त्यानं मान टाकली. तिनं त्याच्याच हातातला फोन उचलला होता. आणि मी तिला बंद करून चालू करायला सांगत होते!

अश्विननं तिला दुसऱ्या फोनवरून अँब्युलन्स बोलवायला लावली. मला धीर देणारं एकही वाक्य येत नव्हतं. ‘सोनो क्वी’, म्हणजे मी इथं आहे, एवढंच म्हणत राहिले, दारात माणसांचे आवाज येईपर्यंत.

काल तिचा परत फोन आला. नवरा त्याच दिवशी गेला. कम्प्युटर तसाच बंद, आणि त्याचे सगळे फोटो आत. मी सुरू करून दिला. मग ती एकेक फोटो उघडत बसली. मी फोन चालूच ठेवला.

ही नोकरी माझ्यानं होईल असं वाटत नाही. काय करू?

तुमची
दीप्ती

गोठणगाव, १७ ऑगस्ट

चि. दीप्तीले जयभीम.

वाचता वाचता मले पुढचं दिसेना. आईनं दोनदा वाचाले लावलं. मंग विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली. नाव कोणालेच माहीत नाही, तं ‘इटलीचा भाऊ’ म्हटलं तिनं.

तू कायले रडतेस? त्या बाईनं दुसऱ्यांदा फोन केला, तो तुलेच केला. नोकरी सोडाची असंन तं सोड, आपलं घर हाय. पण आई म्हणते, ते बाई आता एकटी असंन. तिचा फोन आला तं पहिले ‘जेवली काय’ विचारजो. ते त्याहिच्या भाषेत कसं म्हणतात, शिकून घे.

पत्र टाकत जाय, जीव लागून राहते.
तुया बाप, खेमराज