कमरेचं माप आणि रक्ताचा कागद

मी, शेख जहांगीर शेख उस्मान, वय ५३, धंदा शिंपीकाम, राहणार हट्टा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली, शुद्धीवर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. डोकं ठिकाणावर आहे.

१. राहते घर, ठेवी व शिलाई मशीन पत्नी खुशनुमा व मुलगा अय्याज यांना शरियतच्या हिश्शाप्रमाणे मिळावेत.

२. शेजारी प्रेमदास याने नेलेली इस्त्री त्याच्याकडेच राहू द्यावी. ती माझी आहे, एवढे त्याने एकदा चारचौघांत कबूल करावे.

३. दुकानाची जागा गावातले खाजामियाँ यांची मुलगी अजरा हिला द्यावी. वारसांबाहेर एक तृतीयांशापर्यंतच देता येते; ही जागा त्यात बसते, हे वकिलाने तपासले आहे. रक्त तपासायच्या नोकरीसाठी ती रोज वसमतला जाते; इथे तिने स्वतःची लॅब टाकावी.

कारण लिहिणे भाग आहे. तीन वर्षांपूर्वी अय्याजने तिच्याशी लग्नाची गोष्ट काढली. मी दुकानात सगळ्यांसमोर म्हणालो, "चाळीसची कंबर घरात आणू का? शुगर-बीपी सोबत घेऊन येईल." अजरा दारातच उभी होती. शिवायला आणलेलं कापड घेऊन तशीच परतली. अय्याज तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

गेल्या महिन्यात शाळेत तपासणीचं शिबिर झालं. माझी कंबर तीस, म्हणून ऐटीत गेलो. रक्त अजरानेच काढलं. कागद आला तेव्हा म्हणाली, "चाचा, साखर बराबर आहे. पण इन्शुलिन दुपटीनं जास्त आहे."

"रक्ताच्या नळ्या बदलल्या असतील," मी म्हणालो.

तिने दुसऱ्यांदा रक्त घेतलं. तेच आलं. शिबिरातल्या डॉक्टर निलमबाईंनी समजावलं, "शरीर दुप्पट इन्शुलिन ओतून साखर आवरून राहिलंय. चरबीतून येणारं, शरीराला जपणारं हार्मोनही तुमच्यात कमी आहे. बीपी वाढलेलंच आहे. बारीक दिसता, पण पोटात आत, लिव्हरभोवती चरबी आहे. आत्ता सांभाळलं नाही तर काही वर्षांत शुगर, मग हृदय."

"आणि अजराचं रक्त?" मी विचारून बसलो.

अजरा स्वतःच म्हणाली, "माझं सगळं बराबर आहे, चाचा." आवाज चढला नाही. घरी येऊन मी हा कागद लिहायला घेतला.

४. वरील बोलण्याबद्दल मी अजराची माफी मागतो. माझ्यामागे हे कलम तिला वाचून दाखवावे.

साक्षीदाराच्या सहीसाठी हा कागद खाजामियाँकडे नेला. चौथं कलम वाचून त्यांनी पेन खाली ठेवलं. "काहून, माझ्या पोरीनं तुमच्या मय्यतीपर्यंत थांबायचं का? ती आत हाय. जा."

गेलो. माफी मागितली; लग्नाला माझी ना नाही, हेही बोललो. अजराने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अय्याजला तुमीच सांगा. माझं मी बघते." एवढंच.

म्हणून कलम ४ रद्द. कलम ३ कायम, लग्नाला तिचं उत्तर काहीही येवो.

लिहून देणार: शेख जहांगीर शेख उस्मान (सही)
साक्षीदार: १. प्रेमदास (सही, इस्त्री जहांगीरभाईंची आहे)
२. खाजामियाँ (सही)
हट्टा, दि. ६ फेब्रुवारी २०२५