गर्दीतल्या मामांचे पत्ते

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी चारच अंगं टेकवता आली, उरलेली समक्ष भेटीत टेकवीन.) आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त हिच्या नव्या चपला निकालात निघाल्या, ते पुढे येईलच. तुमचा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली की तुम्ही विणकामाची सुई घालता, असं तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी फोनवर सांगितलं. कृपा करून घालू नका. सुई आत राहिली तर डॉक्टरला काय सांगणार आहात?

पत्राचं कारण म्हणजे आभार. आता तुम्ही म्हणाल, भाच्याला अक्कल कधी आली? सांगतो. पाय मोडून तुम्ही दुसऱ्या मजल्यावर एकटे, आणि इथे आमची मागची खोली रिकामी. पण तुमचा हट्ट, ताईने स्वतः बोलावल्याशिवाय येणार नाही. आणि तुमच्या ताईचा, म्हणजे आमच्या मातोश्रींचा हट्ट, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. का, ते तुम्हाला मी काय सांगणार! सख्ख्या बहिणीचं लग्न सोडून तुम्ही सिनेमातल्या लग्नात पाहुणा म्हणून बसलात. दुपारपर्यंत काम संपेल, संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणून गेलात, ते नवरी सासरी गेल्यावर उगवलात. बरं, तो सिनेमा पडला असता तर आई एखादवेळेस विसरलीही असती. पण तो चालला, अजून चालतोय! टीव्हीवर ते लग्न सुरू झालं की आई उठून स्वयंपाकघरात जाते आणि धुतलेली भांडी पुन्हा धुते. 'कुणी बांधून ठेवलं होतं का त्याला? उठून यायचं!' हे मी समजायला लागल्यापासून ऐकत आलोय. (बाबा हयात असताना तेसुद्धा या वाक्याच्या वेळी मान खाली घालत. लग्नाला हजर असल्याचा त्यांना काय पश्चात्ताप होत होता, देव जाणे.)

तर मी म्हटलं, एक डाव टाकून बघू. आईला सिनेमाचं वेड, ते लग्न सोडून. आपल्याच राज्यात जिथे जिथे गाजलेल्या सिनेमांचं शूटिंग झालं ती ठिकाणं बघून येऊ, म्हणून मी चष्म्याचं दुकान चार दिवस बंद ठेवलं, हिने गाडी काढली (मला चालवता येते, पण हिचा विश्वास नाही), आणि पत्ते तुमच्याकडून फोनवर घेतले. आईला सांगितलं, दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने दिलेत. तुम्ही अगदी भरभरून सांगितलंत हो मामा. पण उभं आयुष्य तुम्ही पडद्यावरच्या गर्दीत काढलंत, हे तेवढं माझ्या लक्षात राहिलं नाही. हिरो कुठे उभा होता याच्याशी तुम्हाला काय देणंघेणं! तुमच्या लक्षात राहिली ती सावली, पाण्याचा नळ आणि जेवणाची रांग.

पहिला तो पुलावरच्या निरोपाचा सिनेमा. सगळं जग पुलावर उभं राहून फोटो काढत होतं, आणि आम्ही तिघं तुमच्या पत्त्याबरहुकूम पुलाखाली. वरून कुणीतरी आमच्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं. हिच्या चपला चिखलात रुतल्या, त्यातली एक बाहेर आली, दुसरी तिथेच आहे. 'इथे काय झालं होतं सिनेमात?' असं हिने मला दातओठ खात विचारलं, आणि मला सांगता येईना. आई मात्र शांतपणे एका दगडावर बसली आणि म्हणाली, इथे ऊन लागत नाही.

दुसरं ठिकाण कोर्टाचं. पायऱ्यांवरून नायिका धावत उतरते ते. (खरं तर ते सरकारी कार्यालय आहे, कोर्टाशी काही संबंध नाही.) तुम्ही सांगितलंत, मागच्या फाटकाने जा, नळाच्या डाव्या हाताला रांग लागते, तिथे उभे राहा. गेलो. नळ होता. रांगही होती! आता रांग दिसल्यावर कोण विचारतोय, राहिलो उभे. पुढे सरकत सरकत टेबलापाशी पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, 'कुत्रं कुठंय?' पाळीव कुत्र्यांना लस टोचायची रांग होती ती. आईने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा सुईकडे, आणि मग मान वळवून माझ्याकडे. मामा, सख्खी आई! तिथल्या पहारेकऱ्याचे मात्र उपकार मानायला हवेत. हसून हसून पोट दुखल्यावर त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा पाजला, आणि शूटिंगची माणसं दिवसभर याच भिंतीशी उन्हात बसायची, असं त्याचे वडील सांगायचे, ते सांगितलं. आईने उठून त्या नळावर तोंड धुतलं. 'तुझं ते गिऱ्हाईक,' ती मला म्हणाली, 'हिरो नव्हतं एवढं नक्की.' मी लॉजच्या बिलाचा विषय काढून वेळ मारून नेली.

आणि मग ते कार्यालय. त्या सिनेमातल्या लग्नाचं. आई गाडीतून उतरेना. मी आत जाऊन बघितलं तर तिथे खरोखरचं लग्न लागलेलं, दोन्ही बाजूंची माणसं खचाखच. आम्ही परत फिरणार, तेवढ्यात आईला बाथरूमला जायची वेळ आली. गेली आत, ती परत येईचना. ही बघायला गेली आणि धावत परत आली. आई पहिल्या रांगेत बसली होती! मुलीकडच्यांना वाटलं मुलाची आजी, मुलाकडच्यांना वाटलं मुलीची, आणि दोघांनीही तिला हाताला धरून सन्मानाने बसवलं. व्हिडिओवाला समोर. आजी, हसा. आजी, पुन्हा हसा. आजी, उठू नका, मागचं सगळं दृश्य बिघडतं! आईने दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा तिला खांदा दाबून खाली बसवलं. जेवणाला मात्र काही कमी पडलं नाही. नवरीच्या आईने तर निघताना मिठी मारली आणि तुम्ही आलात, बरं वाटलं, असं अगदी मनापासून म्हणाली. कोण कुठली माणसं, पण त्यांचं भलं होवो.

गाडीत बसल्यावर आई बराच वेळ गाल चोळत होती. मग म्हणाली, 'खोटं हसून गाल दुखतात रे.' आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, 'त्यालाही उठू दिलं नसेल.' मामा, मी मागे वळून तिच्याकडे बघितलं. हिनेही गाडी हळू केली. एवढ्या वर्षांत आईच्या तोंडून तुमच्या बाजूचं हे पहिलं वाक्य, आणि ते तुमच्या नळांनी, सावल्यांनी आणि रांगांनी मिळवून दिलं. खऱ्या जागा दाखवल्या असत्यात तर आम्ही फोटो काढून घरी आलो असतो. म्हणून हे आभार, अगदी मनापासून. तुम्हाला बोलवायचं का, असं मी तिला विचारलं. तिने खिडकीची काच वर केली. आता लॉजवर बसून लिहितोय, उद्या पोस्टात टाकीन. पायाला जपा.

तुमचा (आणि लस न टोचलेला),
भाचा

ता. क. पत्र पोस्टात टाकायचं राहिलं. सकाळी घरच्या रस्त्याला लागलो, तर आई हिला म्हणाली, गाडी वळव. कुठे, ते ती सांगत गेली. मामा, तुमचा पत्ता तिला तोंडपाठ आहे, पिनकोडसकट. मी कधीच सांगितला नव्हता.

ता. क. दुसरा. तर आम्ही तुमच्या इमारतीखाली उभे आहोत. विनंती एवढीच, कपडे भरून ठेवा. आई गाडीतच थांबणार आहे, गुडघ्यांमुळे जिना जमणार नाही म्हणते, आणि बोलावणं तर मुळीच करणार नाही म्हणते. तेव्हा तुम्हीच मोठ्या मनाने न बोलावता या, जिन्यात हात द्यायला मी वर येतो. पत्र शिंपीणबाईंबरोबर वर पाठवतोय.

ता. क. तिसरा. शिंपीणबाईंना जिन्यापाशी थांबवून लिहितोय. आई गाडीतून उतरली. काठी घेतली, मला बाजूला सारलं, आणि जिना चढायला लागली आहे. तिला वर यायला वेळ लागेल. तेवढ्यात तोंड पुसून घ्या. रडलेलं तिला चालत नाही, ती स्वतः सकाळपासून रडते आहे.