सिनेटरसाहेब जेवतात सात वाजता

३ ऑक्टोबर
पेपरात मोठा मथळा: ‘राष्ट्रीय पोलीसप्रमुख जनरल पाहिलांगा निवृत्त.’ माझ्यासाठी एवढंच, की माझा नवरा टोटो घरी आला. संसाराची चौतीस वर्षं, अकरा पोलीस कॅम्प, आणि सात वाजता आम्ही दोघं एकत्र जेवलो असे प्रसंग चार. त्यातल्या दोन वेळी वादळामुळे रस्ते बंद होते.
शाळेत सिस्टर अँसिला सांगायच्या, माणसं समोरासमोर बसल्याशिवाय जेवणाआधीची प्रार्थना लागू पडत नाही. आजपासून रोज सात. ठरलं.

५ ऑक्टोबर
जेवण साडेनऊला. भाचा पोन्सियानो आला होता. वकील आहे, उठायचं नाव घेत नाही. म्हणे मामांनी सिनेटला उभं राहायचं. मी रागाने सुपाचं भांडंच उचलून आत नेलं.
मग तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, “मामी, सिनेट सोमवार ते बुधवार असतं. तेही दुपारी तीनला.” मी दोनदा विचारून घेतलं. म्हणजे गुरुवार ते रविवार चार रात्री मोकळ्या! भांडं परत बाहेर आणलं. उद्या अर्ज भरायला टोटोने कुठला शर्ट घालायचा तेही काढून ठेवलं.
आमची स्वयंपाकीणबाई लोलिंग म्हणाली, “मॅम, निवडणूक जिंकायला घराबाहेर पडावं लागतं.” थोडेच दिवस, म्हटलं.

१४ फेब्रुवारी
प्रचाराचा पहिला आठवडा. आज मेयरनी सामुदायिक लग्नं लावली, दोनशे बारा जोडपी. टोटो सगळ्यांचा निनोंग, म्हणजे धर्मपिता. नुसतं उभं राहून आशीर्वाद द्यायचा. साडेपाचला मोकळे, सातला घरी. मी लोलिंगला कोंबडी शिजत घालायला सांगून निघाले.
चौथ्या रांगेपर्यंत सगळं सुरळीत. तिथे टोटो थबकला. “हा चोर आहे! याचा फोटो मी सहा वर्षं पाहतोय!” आणि नवरा-नवरीच्या खांद्यांवर जो शुभ्र रेशमी दोर घालतात, त्यानेच त्याने नवऱ्याचे हात करकचून बांधले.
नवरी किंचाळली, “अहो जनरल, फोटोपुरता चोर आहे तो! तुमच्याच पोस्टरसाठी उभा राहिला होता! याला घरची कोंबडी पकडता येत नाही!”
खरंच. ‘पाकीटमारांपासून सावध राहा’ हे पोस्टर टोटोच्याच ऑफिसात होतं. खाली सहीसुद्धा त्याचीच. नवरीच्या आईने टोटोला हातपंख्याने चार फटके मारले आणि म्हणाली, “धर्मपिता ना तुम्ही? मग घ्या आहेर!”
सात वाजता आम्ही चौकीत. या वेळी जबाब टोटो देत होता. हवालदाराने आम्हा दोघांना बिस्किटं दिली. एकत्र खाल्लं म्हणायला हरकत नाही. प्रसंग पाचवा.

१७ फेब्रुवारी
व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला. टोटो दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही. वाटलं, सुटलो. दोन्ही रात्री ताट त्याला आतच हवं होतं, पण दाराच्या फटीतून बोलणं छान झालं.
आज पोन्सियानो नाचतच आला. “मामी, मतचाचणीत मामा तेविसावे होते, पंधरावे झाले!” लोकांना म्हणे जनरल फार आवडला. आता प्रत्येकाला आपल्या लग्नात नवऱ्याचे हात जनरलकडूनच बांधून हवेत. चाळीस आमंत्रणं आली. मी होकार कळवून टाकला. मे महिन्यापर्यंतच तर आहे.

१५ मे
बारा जागा, टोटो बारावा. जिंकला! मेरीमातेपुढे मेणबत्ती लावली. मोठं टेबल पोन्सियानोला देऊन टाकलं आणि दोन खुर्च्यांचं आणलं. लोलिंग टेबलाकडे बघून नुसतीच “हं” म्हणाली. तिला नव्या वस्तू आवडत नाहीत.

२८ जुलै
पोन्सियानो खोटं बोलला नव्हता. सिनेट सोमवार ते बुधवारच असतं. गुरुवारी लग्न, शुक्रवारी लग्न, शनिवारी आणि रविवारी बारशी. निनोंगने नाही म्हणायचं नसतं, आणि सामुदायिक लग्नातल्या निम्म्या नवऱ्या त्याच दिवशी चांगल्या पोटुशा होत्या. सिस्टर अँसिलांना हे कळवणार नाही.
पण दोनशे बारा बारशी कधीतरी संपतीलच. लोलिंगला तसं म्हटलं. ती म्हणाली, “मॅम, त्यांना दुसरं मूल होत नाही का?”
तिचा स्वभावच निराशावादी.

१९ ऑक्टोबर, रविवार
आज टोटो पावणेसातला घरी! बारशाच्या गावाचा पूल वाहून गेला. (कोणाला इजा नाही. मी आधी तेच विचारलं.) लोलिंगने आल्याचं कोंबडीचं सूप केलं. मी मोत्याच्या कुड्या घातल्या. बरोबर सातला समोरासमोर बसलो. प्रार्थना म्हटली.
टोटो जेवता जेवता लोकांच्या अर्जांवर सह्या करत होता. असं शांत बसण्यातही सुख असतं.
बऱ्याच वेळाने, मान वर न करता त्याने विचारलं, “बोला मॅडम, कुठल्या तुम्ही?”
इलोइलोची, म्हटलं.
“अरे वा! माझी बायकोही तिकडचीच.” पस्तीस वर्षांनी नेमकं लक्षात आहे! “काय काम काढलंत?”
जेवायला आलेय, म्हटलं.
त्याने कागद ओढला, ‘यांच्या जेवणाची सोय करावी’ असं लिहिलं, सही ठोकली आणि कागद लोलिंगच्या हातात दिला.
लोलिंगने तो वाचला आणि मला वाढलं.