बहात्तर तासांची जागल

२ फेब्रुवारी, रविवार
काल ऑफिसची सहल चिखलदऱ्याला. पॉइंट बघताना मी गटापासून वेगळा पडलो. चाळीस मिनिटं. घाबरलो नाही. फक्त सीमाला फोन करून सांगितलं की विम्याचे कागद कपाटात खालच्या खणात आहेत, आणि आकांक्षाला म्हणावं, शिक्षण सोडू नकोस. आवाज जड झाला तो थंडीमुळे. शेवटी एका भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या बाईनं मला शोधलं. मी पार्किंगच्या भिंतीमागे होतो. भिंत उंच होती.
फोन स्पीकरवर होता, हे आज कळलं. घरी भिशी होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मी आवक-जावक विभागात आहे. सकाळी टेबलावर कागद: 'आवक. खुशालराव, एक नग. कोठून : चिखलदरा.' खाली आमच्याच विभागाचा शिक्का. सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं जरा जास्त वेळ चाललं.
घरी सर्व्हायव्हलचे अकरा व्हिडिओ बघितले. सोपं असतं. माणसाला हवं काय? पाणी, आग, निवारा, मनोबल. मनोबल माझ्याकडे आहेच. राहिल्या तीन गोष्टी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसच्या ग्रुपवर जाहीर केलं: बहात्तर तास. एकटा. रानात. अन्न नाही, फोन नाही. एकतीस अंगठे आले. शिपायानं रडेपर्यंत हसणारा चेहरा टाकला. त्याची नोंद घेतली आहे.
आकांक्षा म्हणाली, बाबा, मच्छरदाणी नेणार का? उत्तर दिलं नाही.
मेळघाटात असं राहता येत नाही, परवानगी लागते. म्हणून आमचं वावर ठरवलं. चांदूर रेल्वेच्या अलीकडे चार एकर, नाल्याला लागून. गावातला देवानंद ते कसतो. मी वर्षातून दोनदा जातो. पलीकडे पळस आणि बाभळी आहेत. कॅमेरा विहिरीच्या कठड्यावरून नीट धरला तर गाव दिसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
गच्चीवर सराव. चष्म्याच्या काचेनं आग पेटवणे. दोन तास. सीमाच्या ओढणीला भोक पडलं, म्हणजे तत्त्व बरोबर आहे. सीमा म्हणाली, लायटर नेला तर काय बिघडतं? सगळ्यांना दृष्टी नसते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सामान: नायलॉनचा दोर पंधरा मीटर, सुरा, ताडपत्री, शिट्टी, बाटली, डायरी. मच्छरदाणी (वैद्यकीय कारण). अन्न शून्य. चिवडा अर्धा किलो, फक्त आणीबाणीसाठी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी १०.३०
पोचलो. घड्याळ सुरू. फोन बंद.
फाट्यावर देवानंद भेटला. काहून आले भाऊ एकाएकी, म्हणाला. मी सांगितलं, काही नाही, तीन दिवस एकटं राहायचं आहे. विहिरीपाशी. घरी कोणाला कळवू नको, गावातही बोलू नको. सोमवारी सगळं संपेल. तो पिशवीकडे बघत राहिला. दोर बाहेर आला होता. वैनीसंग काई झालं काय, म्हणाला. मी म्हणालो, तिला यातलं काही समजत नाही.
गप्पच झाला. खेड्यातल्या माणसावर अशा गोष्टींचा परिणाम होतो.

दुपारी १२
वावर मोकळं आहे. हरभरा सोंगून, घरी नेऊन झाला. नुसते खुंट टोचतात. म्हणजे खायला काडीही नाही. उत्तम, आव्हान कडक हवं.
चिवडा संपला. भूक नव्हती. ओझं कमी केलं.

दुपारी २.३०
पाण्याचा प्रश्न. दोराला बाटली बांधून पाणी काढायचं ठरवलं. दोराला फास मारून वाकून खोली बघत होतो, तेवढ्यात देवानंदची आई पार्बताबाई धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळत आली. वय सत्तर, गुडघे गेलेले, तरी पळत. माझा शर्ट मागून धरला. चाय घ्या बापा, म्हणाली. मी नियम समजावला. ती हो हो म्हणाली, पण शर्ट सोडेना. तिचं मन मोडू नये म्हणून दोन कप घेतले.

संध्याकाळी ५.३०
धुऱ्यावर चार माणसं येऊन बसली आहेत. मी उठलो की एक जण उठतो. नाल्याकडे निघालो तर एक जण डबा घेऊन सोबत आला. म्हणाला, मलेबी लागलीच होती. एकांत मिळणं कठीण दिसतं.
देवानंदला विचारलं, हे कशाला बसलेत? खाली बघून म्हणाला, जागल करून राहिलो, भाऊ. जागल म्हणजे रात्रभर जागून पिकाची राखण. डुकरं का? हो, म्हणाला, डुकरं. लय झाले औंदा.
त्यांची अडचण मी समजू शकतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ६.१५
रानातली पहिली रात्र पार. सात तास झोप. एकटा. (उजवीकडे देवानंदची खाट, डावीकडे आणखी एकाची. दोघंही डुकरांसाठी.)
आग: उपलब्ध. निवारा: ताडपत्री त्यांनी बांधली, कारण माझी गाठ चुकीच्या दिशेची होती.
दोर नाही. सुराही नाही. रात्री उशाशी होते.

सकाळी ९
प्रकार वाढतो आहे. वावरातली टिनाची खोली काल उघडी होती. आज कुलूप. आत फवारणीचं औषध आणि रिकामी पोती असतात. मला बसायला पोतं हवं होतं. चाबी घरी राह्यली, देवानंद म्हणाला. मग आण. आणतो, म्हणाला, आणि बसून राहिला.
विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या आहेत. आता पाणी कुठून काढायचं? तर मोटारसायकलवर थंड पाण्याची कॅन आली. रानात कोणी कॅन पाठवतं का?

दुपारी १२
गावातले एक निवृत्त मास्तर आले. चौऱ्यांशी लक्ष योनींनंतर मनुष्यजन्म मिळतो, असं सांगत होते. त्यांच्या तरुणपणीही एक वाईट वर्ष आलं होतं, तेही निघून गेलं म्हणाले. मी नम्रपणे म्हणालो, गुरुजी, पटतं, पण माझा निर्णय पक्का आहे. आता थोडेच तास उरलेत. त्यांनी माझा हात धरला. डोळे पुसले.
मनोबलाचा असा प्रभाव पडतो.

रात्री ८
पार्बताबाईनं वांग्याची भाजी आणि भाकरी आणल्या. स्थानिक आहाराचा अभ्यास म्हणून चार खाल्ल्या. ती समोर बसून घास मोजल्यासारखी बघत होती. अजून एक, म्हणाली. तोंडात जाते तोवर बरं असते बापा.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११
अठ्ठेचाळीस तास झाले. आज बोलावंच लागलं.
सगळ्यांसमोर देवानंदला उभं केलं. म्हणालो, दोर मागितला असतास तर दिला असता. सुरा मागितला असतास तर दिला असता. चोरी कशाला? माझ्या वडिलांनी विश्वासानं वावर तुमच्या हाती दिलं, ते याच्यासाठी?
धुऱ्यावरचे सगळे माझ्याकडे न बघता देवानंदकडे बघायला लागले. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, सोमवारी वापस देतो, भाऊ. मी म्हणालो, पोलीस पाटलाला बोलावतो. बोलवा, म्हणाला. सोमवारी बोलवा. एक जण तोंड उघडणार होता, तर देवानंद त्याच्यावर ओरडला, चूप राय तू. पार्बताबाई उठली आणि निघून गेली.
चोर पकडला गेला की असाच गप्प होतो. परिस्थिती मी चांगली हाताळली असं वाटतं.

दुपारी ४
सकाळपासून कोणी माझ्याशी बोललेलं नाही. पण गेलंही नाही कोणी.
पार्बताबाई भाजी-भाकर घेऊन परत आली. ताट ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीठ कमी होतं, मी बोललो नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २. बसमध्ये
क्रमानं लिहितो.
साडेदहाला बहात्तर तास पूर्ण झाले. फोन सुरू केला. व्हिडिओत गाव यायला नको म्हणून काट्या बाजूला सारून विहिरीच्या कठड्यावर चढलो. दोन्ही हात वर करून मोठ्यानं म्हणालो, झालं! संपलं सगळं!
तिघं अंगावर आले. मी खाली, देवानंद माझ्यावर, त्याच्यावर आणखी दोघं. चष्मा फुटला. देवानंद माझ्या छातीवर डोकं ठेवून रडत होता. एवढा मोठा माणूस. नाई भाऊ, नाई, एवढंच म्हणत होता.
पार्बताबाईनं माझ्या गालावर मारली. मग तोच गाल चोळत बसली. म्हणाली, माहा बंडूबी असाच बसला होता. अटीच, या विहिरीपाशी. दोन दिवस. आमी म्हटलं रुसला असन, बसू द्या त्याले एकटं, येईन घरी. एकटं बसू देलं आमी त्याले.

बंडू म्हणजे देवानंदचा मोठा भाऊ. दोन वर्षांपूर्वी गेला. या विहिरीत. का, ते कोणालाच कळलं नाही. मला गावाच्या ग्रुपवर समजलं होतं. मी हात जोडलेलं चिन्ह टाकलं. तेव्हा ऑडिट सुरू होतं. ऑडिट आठ दिवसांत संपलं. त्यानंतर मी इथे चारदा आलो. त्यांच्या घरी गेलो नाही, कारण दर वेळी बसची वेळ झालेली असायची. पूर्वी त्याच बसपर्यंत बंडू मला मोटारसायकलनं सोडायचा. निघताना ओल्या हरभऱ्याची पेंढी द्यायचा.
मी त्यांना सांगितलं, तसं काही नव्हतं, मी व्हिडिओ करत होतो. देवानंद म्हणाला, कायचा? सर्व्हायव्हलचा, म्हणालो. त्याला कळेना. मग म्हणालो, म्हणजे कठीण परिस्थितीत जगून दाखवायचं. तो म्हणाला, कोणाले दाखवाचं?
ऑफिसला, हे मी सांगितलं नाही.
दोर आणि सुरा त्यानं घरून आणले. वर्तमानपत्रात गुंडाळून. दोराला मी मारलेला फास कोणीतरी सोडवून ठेवला होता.
चोरीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस आली. या वेळी खरोखरच आली.

रात्री ९
एक गोष्ट आता लक्षात येते. वावरात हरभरा नव्हता. शुक्रवारी मीच लिहिलं आहे. मग डुकरं काय खायला येणार होती?
तीन रात्री. आळीपाळीनं सात माणसं. मी घोरत होतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसमध्ये स्वागत. पुष्पगुच्छ, पेढे. शिपायानं स्वतः खुर्ची पुसली. साहेबांनी विचारलं, सगळ्यात कठीण काय वाटलं? मी म्हणालो, एकांत. टाळ्या.
आता खरं सांगणं योग्य झालं नसतं. पेढे वाटून झाले होते.
आकांक्षानं घरी विचारलं, खरंच एकटे होतात? तिला हो म्हणालो. तिनं 'भारी' म्हणून मिठी मारली. सीमा फुटक्या चष्म्याकडे बघत होती. 
ठरवलं: देवानंदची माफी मागायची. फोनवर नको, प्रत्यक्ष जाऊन. रविवारी नक्की.

२२ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी बेल वाजली. दारात देवानंद. म्हणाला, बियाण्याच्या कामानं अमरावतीले आलो होतो, म्हटलं भेटून जावं. फेब्रुवारीत कोणतं बियाणं घेतात, हे मी विचारलं नाही.
ओल्या हरभऱ्याची पेंढी आणली होती. आमचा तर सोंगून झाला आहे. कोणाच्या तरी वावरातून मागून आणली असणार.
दोन तास बसला. सीमाशी बोलला, आकांक्षाचं कॉलेज विचारलं. मी आत गेलो की त्याची मान दाराकडे वळायची. म्हणजे व्हिडिओचं त्यांना पटलेलं नाही. माणूस लाजेनं काहीतरी सांगतो, असं त्यांना वाटत असेल. त्यात चूक काही नाही.
निघताना विचारलं, बरं वाटून राहिलं ना, भाऊ? मी म्हणालो, एकदम. माफीचे शब्द तयार होते. पण सीमा उभी होती, आकांक्षा होती, खुलासा लांबला असता. म्हणालो, सांभाळून जा. तो जिन्यात थांबून वर बघत होता. मी दार लावलं.
तो येऊन गेला, तर उद्या पुन्हा जाणं बरं दिसणार नाही. फोन करीन.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १
काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. सहा ओळी. फोन लावला. पार्बताबाईनं उचलला. देवानंद बाहेर गेला होता.
मी म्हणालो, मी खुशाल. पहिली ओळ वाचणार, तेवढ्यात ती म्हणाली, जेवले काय बापा?
हो, म्हणालो.
जेवलो नव्हतो.
बरं झालं, म्हणाली. रात्री जवळ कोणी असते ना?
असतं, म्हणालो. मी कागदाची घडी घातली. फोन तिनं ठेवला नाही. मी ठेवला.
कागद कपाटात ठेवला आहे. खालच्या खणात.