कासवाला कळवायचं राहिलं

मंगळवार, ३ मार्च

दुकानात गेलो. चष्म्यांच्या जाड नंबरच्या काचा घासल्या. एक कडेला तडकली, पुन्हा नवी घेतली. संध्याकाळी घरी. जेवलो. बायकोचा फोन चार्जिंगला लावला. अजून लावतो — सवय.

त्यावर एक ईमेल आली होती. गेमच्या कंपनीची. 'प्रिय खेळाडू, तळ्याच्या खेळाची ऑनलाइन सेवा ३१ मार्चला कायमची बंद होत आहे. आजवरच्या सोबतीबद्दल आभार.'

पुसून टाकणार होतो. मग कासव आठवलं.

कासवाला कुणी सांगितलेलंच नाही!

गुरुवार, ५ मार्च

बाकी सगळ्यांना ती गेल्याचं कळवलं होतं. नातेवाइकांना ताईने फोन केले. बँक, गॅस, वाचनालय मी केलं. तिच्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा. कासवाचा फोन नंबर नाही, पत्ता नाही, खरं नाव नाही.

डायलिसिसला बसली की ती डबी काढायची. डबी म्हणजे तिचा हातात मावणारा गेम, जुना. चष्म्याच्या मोठ्या केसमध्ये ठेवायची, केस मीच दुकानातून आणून दिली होती. तळ्याकाठी बसून मासे धरायचे, एवढाच खेळ. इंटरनेटवरून दुसरं कुणीतरी यायचं आणि शेजारी गळ टाकून बसायचं. त्याच्या डोक्यावर कासवाच्या पाठीसारखी टोपी, म्हणून कासव. बाई की बाप्या, म्हातारं की तरुण, कोणत्या देशातलं, तिलाही माहीत नव्हतं. मंगळवार आणि शनिवार, दुपारी. दोन वर्षं. "नवऱ्यापेक्षा वेळेचं पक्कं आहे हो!" सिस्टरना सांगायची, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

शेवटच्या आठवड्यात तिला वरच्या मजल्यावर हलवलं. डबी घरी राहिली. तेव्हा म्हणाली, "अहो, कासवाला वाटेल मी रुसले. कळवा हं."

मी मान हलवली. त्यानंतर ती फारसं काही बोलली नाही.

आज डबी चार्ज केली. लागली! तिची ती छोटी बाई तळ्याकाठी उभी — पिवळे बूट, बुटकी, हातात गळ. 'मित्रांना भेटा' दाबलं. गोल फिरत राहिलं. मग: 'जोडणी झाली नाही.'

पासवर्ड तीनदा टाकून पाहिला. तेच.

शनिवार, ७ मार्च

इंटरनेट कंपनीचा माणूस आला. मध्यंतरी कंपनीने आमच्या अख्ख्या इमारतीतले राऊटर बदलले, तेव्हाही हाच आला होता. हसतमुख आहे. डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"काका, हे कुठल्या जमान्यातलं?"

म्हटलं, चालतं आहे ना?

"चालतं हो. पण याला जुन्या पद्धतीचंच कुलूप उघडता येतं. आताच्या वायफायला नवीन कुलूप असतं. तुमचा पासवर्ड बरोबर आहे, पण हे तो सांगणार कसा? त्या कुलपाची भाषाच याला येत नाही."

"मग जुनं कुलूप लावा."

"नवीन राऊटर लावू देत नाही. धोक्याचं म्हणून सोयच काढून टाकलीय."

"मग कुलूपच काढा."

"बघा हं," म्हणाला. मग काढलं. घर सताड उघडं! डबीवर आमच्या वायफायचं नाव आलं. मी खुर्ची पुढे ओढली. गोल फिरलं, फिरलं, थांबलं. 'जोडणी झाली नाही.'

"वेगही जुळत नाही काका. हे रांगतंय, ते पळतंय." मग म्हणाला, "नातवाचं आहे का?"

"बायकोचं."

"मग काकूंना सांगा, मोबाइलवर खेळा. एकसे एक गेम आहेत."

सांगतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

रविवार, ८ मार्च

जुना राऊटर माळ्यावर असेल असं वाटलं होतं. नाही. ताईला फोन केला.

"ते खोकं? अरे, मीच दिलं भंगारात. सगळं आवरताना. वायरींचं जंजाळ नुसतं!"

"बरं."

"बरं काय? मला काय स्वप्न पडलं होतं तुला ते लागेल म्हणून? कशाला हवंय?"

सांगितलं.

"तू गेम खेळणार. या वयात."

"खेळणार नाही. निरोप द्यायचा आहे."

"कुणाला? कासवाला?" हसू आलं असावं, पण दाबलं. मग म्हणाली, "जेवतोस ना रे वेळेवर?"

मंगळवार, १० मार्च

अर्धी सुट्टी घेतली. मंगळवार — कासव तळ्यावर आलं असेल. बाजाराच्या टोकाला कॅफे आहे, तिथलं वायफाय उघडं असतं म्हणे. कॉफी मागवली. डबी लावली. नाव आलं, आणि चक्क जोडलं गेलं! पण पुढे सरकेना. वेटरला विचारलं. तो म्हणाला, आधी एक पान उघडतं, त्यात मोबाइल नंबर टाकायचा, मग सुरू होतं. डबीत पान उघडायची सोयच नाही.

"फोनवरून करा ना साहेब."

फोनवरून केलं. फोनचं सुरू झालं. डबीचं नाही.

कॉफी गार झाली. तशीच प्यालो.

गुरुवार, १२ मार्च

फोनच्या हॉटस्पॉटवरून पाहिलं. नाव आलं. जोडणी नाही. स्वयंपाकघरातून, खिडकीतून, जिन्यातून — नाही, नाही, नाही.

शनिवार, १४ मार्च

आज केवढा अनर्थ होत होता!

दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी बोलकी आहे. काचेवर बोट घसरलं तेव्हा म्हणाली, "काका, तुमचं लक्ष कुठंय? पोटात दुखतंय का?" सांगून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, "एवढंच? माझ्या भावाकडे याच कंपनीचा नंतरचा गेम आहे. त्याला नवीन कुलूप चालतं. काकूंच्या गेमची चकती त्यात बसते." दुपारी जाऊन घेऊन आली.

बायकोच्या डबीतली नखाएवढी चकती काढली आणि त्या नव्यात घातली. दुकानाच्या वायफायला लगेच जोडलं गेलं. क्षणात! मुलीने टाळी वाजवली. पिवळ्या बुटांची बाई दिसली. 'मित्रांना भेटा' दाबलं. एक चौकट आली. मुलगी म्हणाली 'हो' दाबा, 'हो' दाबा, सगळीकडे 'हो'च दाबायचं असतं.

माझा धंदा नंबर वाचायचा. दाबायच्या आधी वाचलं.

'ही चकती दुसऱ्या यंत्राशी बांधलेली आहे. या यंत्रावर वापरण्यासाठी मित्रांची यादी पुसली जाईल. पुसायची?'

अंगठा बटणावर होता. चटका बसल्यासारखा काढला. यादीत एकच नाव आहे. तेवढाच धागा जगात!

मुलीचा चेहरा पडला. "काका, मला खरंच माहीत नव्हतं." तिची काही चूक नाही. चकती काढून परत डबीत घातली.

रविवार, १५ मार्च

दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर नाही, म्हणजे याच डबीवरून. आणि या डबीला जुनंच कुलूप हवं.

डबीत तीन जोडण्या साठवता येतात. पहिली आमच्या घरची, मेलेली. तिसरी रिकामी. दुसरी डायलिसिसच्या वॉर्डातली.

इथे लिहायचं टाळत होतो. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काखेत कळसा म्हणतात तसं नाही हे. कळसा कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. काखेकडे बघायचं नव्हतं.

त्या वॉर्डात पुन्हा पाऊल टाकणार नाही असं ठरवलं होतं. कुणाला बोललो नव्हतो. मनाशीच.

मंगळवार, १७ मार्च

फाटकापर्यंत गेलो. परत आलो.

शनिवार, २१ मार्च

गेलो.

तोच वास. तेच यंत्रांचे आवाज, मध्येच एखादं टींटीं करणारं. तिच्या खुर्चीत एक गृहस्थ झोपले होते, चादर हनुवटीपर्यंत. त्यांच्या चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. मी चपलांकडेच बघत उभा राहिलो.

मोठ्या सिस्टरनी ओळखलं. "अहो, तुम्ही! बरे आहात ना?"

"इंटरनेटसाठी आलोय."

"लोक इथून पळ काढतात, आणि तुम्ही इंटरनेटला आलात?" मग हातातली केस दिसली. "कासव?"

मान हलवली. भिंतीवरच्या राऊटरच्या खोक्याकडे पाहिलं. जुनंच होतं.

"त्याला हात लावला की मशीनवाले ओरडतात, म्हणून टिकलंय. बसा. तिथं नको, औषधांच्या कपाटापाशी बसा. तुमच्या मिसेस खुर्ची तिकडंच सरकवून घ्यायच्या, तिथं चांगलं पकडतं म्हणायच्या."

हे मला माहीत नव्हतं. मी दर वेळी बाहेर बाकावर बसायचो.

डबी लावली. गोल फिरलं. आणि तळं उघडलं! पाणी हलायला लागलं. मी कपाटाला टेकलो.

यादीत कासवाचं नाव होतं. राखाडी. म्हणजे आलेलं नाही.

वॉर्ड बंद होईपर्यंत थांबलो. राखाडीच.

मंगळवार, २४ मार्च

राखाडी.

तिच्या खुर्चीतले गृहस्थ आज जागे होते. "मासे लागतायत का?" म्हणाले. मी म्हटलं, मला धरता येत नाहीत. "मग बसता कशाला?" म्हटलं, एकाची वाट बघतोय. ते म्हणाले, "इथं सगळे तेच करतात." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूप हसले. सिस्टर रागावल्या त्यांना. हात हलवायचा नसतो.

शुक्रवार, २७ मार्च

कासव आलंच, तर सांगणार कसं? हे आज लक्षात आलं! या खेळात लिहिता येत नाही. ठरलेली वाक्यं आहेत, त्यातलं दाबायचं, ते डोक्यावर उमटतं. 'नमस्कार.' 'इकडे ये.' 'वा, केवढा मोठा!' 'थांब.' 'माफ कर.' 'मला आता जायचं आहे.' 'पुन्हा भेटू.'

मेल्याचं वाक्य नाही. मासेमारीच्या खेळात कशाला असेल?

'मला आता जायचं आहे' — पण हे तर ती दर वेळी, सुई निघायच्या वेळेला, दाबत असणार. कासवाला वाटेल, शनिवारी येईल.

पुन्हा पुन्हा यादी वाचली. अगदी तळाशी एक सापडलं. 'मी नवीन आहे.' शिकाऊ माणसांसाठी असावं, म्हणजे बाकीचे चिडत नाहीत. तिचे बूट, तिचा गळ, आणि डोक्यावर 'मी नवीन आहे'. शहाण्याला शब्दाचा मार. दोन वर्षं शेजारी बसलेल्याला एवढं कळेल. कळायला हवं.

हेच दाबायचं. सराव केला. खाली, खाली, उजवीकडे, दाबायचं.

शनिवार, २८ मार्च

राखाडी. पाच वाजता सिस्टरनी चहा दिला.

ताईचा फोन. "झालं का तुझं?" म्हटलं, नाही. "त्याला कंटाळा आला असेल रे. चार महिने कोण वाट बघतं?" ती वाईट हेतूने बोलत नाही. पण खरं आहे. रुसली समजून निघून गेलं असेल. बायको म्हणाली होती तसंच. कळवा हं, एवढंच तर म्हणाली होती. दुसरं काहीच मागितलं नव्हतं तिने. आता एकच वार उरला. जीव नुसता टांगणीला. आज जेवण गेलं नाही.

मंगळवार, ३१ मार्च

हिरवं! कासव आलं होतं. तळ्याच्या पलीकडे, टोपी घालून. मी धावत निघालो, दोनदा झाडावर आपटलो. जवळ पोचलो. खाली, खाली — तेवढ्यात त्याच्याच डोक्यावर अक्षरं उमटली.

'मी नवीन आहे.'

चुकून दाबलं असेल म्हटलं. त्याने पुन्हा दाबलं. 'मी नवीन आहे.' मग गळ टाकला, तो पाण्यात न पडता गवतात पडला. ते कासव नव्हतं. कासवाची डबी हातात घेऊन दुसरंच कुणीतरी बसलं होतं, तिला कळवायला.

मीही तेच दाबलं.

त्याने गवतातला गळ ओढून घेतला. मग माझ्या शेजारी येऊन बसलं. दोघांनाही मासा लागला नाही. सेवा बंद झाली तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो.

घरी आलो. दोरीवरचे कपडे वाळले होते. काढले, घड्या घातल्या.