धार ओलांडताना

मालवण,
५ नोव्हेंबर २०२४

ती. राजशेखरमामांस,
चंद्रिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही सगळ्याला व्हय व्हय म्हणता आणि मग मामीला विचारता, पोरगी काय म्हणाली. म्हणून पत्रच लिहिते आहे. मामीलाही वाचून दाखवा, म्हणजे दोघांना एकच गोष्ट कळेल.

समुद्रातल्या प्रवाळांचे फोटो काढून त्यांची नोंद ठेवायची, हे आमच्या संस्थेचं काम. सध्या मी किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघते. स्वतः खाली जायचं तर स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र हवं. ते डिसेंबरच्या आत मिळालं नाही तर माझ्या जागी दुसरं कोणी येईल, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं आहे. मला ही नोकरी फार आवडते, मामा. ती जायला नको.

प्रमाणपत्राआधी तलावात पोहण्याची परीक्षा असते. दोनशे मीटर न थांबता पोहायचं. कसंही पोहा, कितीही वेळ लावा, चालतं. मग दहा मिनिटं कशालाही न धरता पाण्यावर राहायचं. मला वाटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. होटगीच्या विहिरीत मी उन्हाळाभर पडून असायचे.

परवा उतरले. तलावाच्या बाजूच्या भिंतीत, अगदी मधोमध, एक पाइप आहे आणि त्यातून गाळलेलं पाणी आत पडतं. त्या पाइपापर्यंत मजेत गेले आणि वळून परत आले. मल्हारसर, म्हणजे आमचे शिक्षक, ओरडले की पलीकडच्या भिंतीला हात लावायचा. पुन्हा निघाले, पुन्हा पाइपापासून परत. दम लागला नव्हता, भीतीही वाटत नव्हती, अंगच वळायचं. शेवटी गोंधळून थांबले, आणि थांबलं की नापास. सर म्हणाले, बुडणारे पाहिले, रडणारे पाहिले, पण अर्ध्यातून नेमाने माघारी येणारी तूच पहिली. सगळे हसले, मीही हसले. खोलीवर येऊन मात्र रडले.

पोहायला तुम्ही शिकवलंत, तेव्हा हे काय आहे ते तुम्हीच सांगा. या महिन्याच्या चौथ्या आठवड्यात पुन्हा परीक्षा आहे.

शेंगाचटणी संपली, हे सहज कळवते. लोभ आहेच, तो नापास झाले म्हणून कमी करू नये.

तुमची,
चंद्रिका


सोलापूर,
११ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र एमआयडीसीत कारखान्यावर मिळालं. मागांच्या खडखडाटात वाचलं आणि इतका हसलो की टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या बायका हातातलं काम सोडून बघायला लागल्या.

अगं, तू पाइपापाशी वळत नव्हतीस, महादेवापाशी वळत होतीस. आपल्या विहिरीच्या काठावर त्याची घुमटी आहे ना? तुझी आज्जी पिंडीवर पाणी घालते, ते गोमुखातून विहिरीत पडतं. देवळात आपण महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाही, गोमुखापर्यंत जाऊन माघारी फिरतो. आपल्या विहिरीतही तोच नेम. धार वलांडायची न्हाय, हे मीच तुला शिकवलं, तेव्हा तुझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेला होता. लहानपणभर अर्धीच फेरी मारलीस, आता धार दिसली की अंग आपोआप फिरतं.

तेव्हा चूक तुझी नाही. पण उपाय काय, ते मलाही ठाऊक नाही. मी स्वतः जन्मात ती धार ओलांडलेली नाही. नेम आईचा, मोकळीकही तिनेच द्यायची. रविवारी होटगीला जाऊन तिला विचारतो.

मामी म्हणते, पाठीवर हवेची टाकी असताना पोहता यायला कशाला हवं? मी म्हटलं, आमची पोर डबा बांधूनच शिकली, आता डब्यात हवा भरली एवढंच. चटणी वेगळी पाठवली आहे. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
राजशेखरमामा


होटगी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. चंद्रिकास,
मल्लव्वा आज्जीचे अनेक आशीर्वाद. आई सांगते आहे, मी लिहितो आहे. शब्द तिचेच.

चंद्रे, गोमुखाच्या बरुबर खाली पान्यात एक खडक हाय. तुजा मामा ल्हान असताना तितंच उड्या मारायचा. एकदा गुडगा फोडून घेतला. लई सांगितलं, दोन रट्टे दिले, ऐकंल तर शप्पत. मग म्या म्हनलं, ही महादेवाची धार हाय, वलांडली तर पाप लागंल. त्या दिसापास्नं गुमान माघारी फिराया लागला. देवळातला नेम देवाचा. इहिरीतला नेम माजा, महादेवाला त्यातलं कायबी ठावं न्हाय.

(इथे माझा हात थांबला. आई म्हणते, लिही की, थांबलास कशाला. — राजशेखर)

तुज्या तलावात खडक हाय का? न्हाय न्हवं? मग जा की सरळ. त्याच्या डोक्यावरच गंगा हाय, तू पान्यात गेलीस म्हनून त्यो कशाला रुसंल? खाली काय काय दिसतंय ते मला येऊन सांग. म्हातारीवर जीव असू दे.

तुझी,
आज्जी


मालवण,
२९ नोव्हेंबर २०२४

ती. आज्जीस आणि ती. मामांस,
चंद्रिकाचा सा. न. वि. वि.

पास झाले.

पहिल्यांदा पाइप जवळ आला तसं अंग वळायला लागलंच. मी पाण्यातच पुटपुटले, खडक न्हाय, खडक न्हाय. नाकातोंडात पाणी गेलं, धार डोक्यावर पडली आणि मी पलीकडे. मग त्या धारेखालून जायची अशी गोडी लागली की दोनशे मीटर झाल्यावरही सरांना हाका मारून थांबवावं लागलं. तरंगायची दहा मिनिटं तर पाठीवर पडून आभाळ बघत काढली.

मामीला सांगा, वर आल्यावर होडी कधी लांब असते आणि टाकीतली हवा संपत आलेली असते, म्हणून पोहता यायला हवं. पुढे समुद्रातही उतरले, प्रमाणपत्र मिळालं आणि काल साहेबांनी नोकरी पक्की केली. मी आनंदाने वेडी झाले आहे. आज्जी, खाली दिसतं ते पत्रात मावणार नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला येते, तेव्हा सांगेन.

मामा, खडकाचं कळल्यावर तुम्हाला काय वाटलं, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. जरूर लिहा. आशीर्वाद असेच पाठीशी राहू देत.

तुमची,
चंद्रिका


सोलापूर,
८ डिसेंबर २०२४

चि. चंद्रिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाब्बास. मामीने सगळ्या कारखान्यात पेढे वाटले.

मला काय वाटलं म्हणून विचारतेस, तर राग आला. मिशा पिकल्या तरी मी त्या धारेला भीत होतो. आज होटगीला गेलो, तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तिला पायरीवर बसवलं आणि विहिरीत उतरलो. यंदा विहीर तुडुंब आहे, खडक खूप खाली गेलाय. तरी गोमुखापाशी आलो आणि माझंही अंग वळलं. आई वरून ओरडली की पोरगी समुद्रात गेली आन् तू अजून हितंच का. मग तीच उठली आणि पिंडीवर कळशीभर पाणी ओतलं. धार पडायला लागली. मी डोळे मिटले आणि तिच्याखालून गेलो.

पुरी फेरी मारली. मग दुसरी, मग तिसरी. आई म्हणत होती, पुरे आता, सर्दी हुईल. लहानपणानंतर आज पहिल्यांदा मी तिचं ऐकलं नाही.

डोकं अजून ओलं आहे, म्हणून इथेच थांबतो. गड्ड्याला नक्की ये, आणि माया आहे तशीच ठेव.

तुझा,
राजशेखरमामा